पुस्तकातली गाय आणि दारातलं कुत्रं

मैत्रिणींनो, दोन-तीन वर्षांच्या मुलाला पहिलं पुस्तक घ्यायचं म्हटलं की आपला हात आपोआप प्राण्यांच्या पुस्तकाकडे जातो. ते योग्यच आहे म्हणा, कारण या वयात माणसांपेक्षा मांजरात जास्त रस असतो! पण दुकानात आपण करतो काय, तर वरचं गुळगुळीत चित्र बघतो, किंमत बघतो आणि पुस्तक पिशवीत टाकतो. मेथीची जुडी घेताना आपण ती सोडून, आतली पानं पाहून घेतो ना? मग पुस्तकाचीही चार पानं उघडून बघायला काय हरकत आहे?

पहिल्या पानावर बहुतेक गाय असेल. ती नीट बघा. पांढऱ्या अंगावर मोठे काळे डाग आणि पाठ अगदी सपाट असेल, तर ती होल्स्टीन नावाची मूळची परदेशी गाय. संकरित गायींच्या गोठ्यात तशी दिसते, नाही असं नाही. पण आपल्या खिल्लार किंवा डांगी गायीला वशिंड असतं, गळ्याखाली लोंबणारं कातडं असतं. खिल्लारची शिंगं तर केवढी लांब! आणि म्हैस? ती बहुतेक वेळा पुस्तकात नसतेच. ज्या घरात रोज म्हशीचं दूध येतं, त्या घरातल्या मुलाला तिचं चित्र मिळू नये, हे मला तरी पटत नाही. झेब्रा आणि कांगारू जरूर असू देत, पण आधी खिडकीतून दिसणारे कावळा, खार, सरडा, गोगलगाय येऊ देत. पुस्तक मिटल्यावर मूल खिडकीशी पळालं, तर पैसे वसूल झाले असं समजा.

दुसरी गोष्ट शब्दांची. हल्ली गायीचं पिल्लू, घोड्याचं पिल्लू, शेळीचं पिल्लू असं सरसकट छापलेलं असतं. आपल्या भाषेत किती ऐवज आहे, बघा तरी! गायीचं वासरू, म्हशीचं रेडकू, घोड्याचं शिंगरू, शेळीचं करडू, मेंढीचं कोकरू, हरणाचं पाडस, वाघाचा बछडा, सिंहाचा छावा. आवाजांचंही तेच. गाय हंबरते, म्हैस रेकते, घोडा खिंकाळतो, कोंबडा आरवतो आणि साप फुत्कारतो. ज्या पुस्तकात हे शब्द असतील ते उचला. नसतील आणि चित्रं मात्र सुरेख असतील, तरी घ्या. शब्द आपण वाचताना घालायचे. मूल ‘रेडकू’ हा शब्द दहा वेळा म्हणून घेईल आणि दहाही वेळा हसेल.

चुकाही तपासून घ्या, बरं का. पेंग्विन आणि पांढरं अस्वल एकाच बर्फावर गप्पा मारताना दिसतात. प्रत्यक्षात अस्वल उत्तर ध्रुवाकडचं आणि पेंग्विन दक्षिण गोलार्धातले. ‘कोकिळा गाते’ हे तर आपल्या हाडीमासी भिनलंय. कुहूकुहू करतो तो काळाकुळकुळीत, लाल डोळ्यांचा नर. मादी तपकिरी, अंगावर पांढरट ठिपके असलेली. घरात मोठ्यांसाठी सलीम अलींचं १९४१ साली प्रथम निघालेलं पक्ष्यांचं पुस्तक किंवा मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ असेल, तर मुलाच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला आपल्यालाच आधार होतो.

कोटटाय घातलेला ससा शाळेत निघाला, अशी गोष्ट असेल तर ती खुशाल घ्या. मुलाला ती गंमत कळते. घोटाळा होतो तो खऱ्यासारखी चित्रं काढून खोटी माहिती दिली की. नागासमोर दुधाची वाटी ठेवलेलं चित्र असंच. साप दूध पिणारा प्राणीच नाही. आणि सगळेच साप दुष्ट, हेही खरं नव्हे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे विषारी, पण बिचारी धामण शेतातले उंदीर खाते. लहान मुलाला एवढं भेदाचं ज्ञान नको. साप दिसला की मागे सरायचं, दगड मारायचा नाही आणि मोठ्यांना हाक मारायची, इतकं पुस्तकातून कळलं तरी पुष्कळ.

भीतीपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती खोट्या जवळिकीची. गळ्यात लाल फीत बांधलेलं गुबगुबीत कुत्रं आणि त्याच्या मानेला मिठी मारून झोपलेला बाळ्या, हे चित्र कुणाला आवडणार नाही? पण आपलं मूल दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या कुत्रीला तशीच मिठी मारायला जातं, आणि ती नेमकी पिल्लांना पाजत असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे, रेबीजचा संशय असलेले प्राणी ज्यांना चावतात त्यांत सुमारे ४० टक्के मुलं १५ वर्षांखालची असतात. लहान मुलाची उंचीच अशी की चावा तोंडावर नाहीतर मानेवर बसतो. तेव्हा असं पुस्तक घरात असेल तर ते लपवू नका, वाचताना मध्येच थांबा. ‘ही जेवतेय, मग आपण कुठे उभं राहायचं?’ असं विचारा. जेवणाऱ्या, झोपलेल्या आणि पिल्लांजवळच्या कुत्र्याला हात लावायचा नाही, हे चित्रावर बोट ठेवून सांगितलं की मुलाच्या लक्षात राहतं. आणि विषय निघालाच आहे तर: कुत्रं चावलं, नुसतं ओरखडलं तरी, जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही आणि लगेच लशीसाठी दवाखाना गाठायचा.

पंचतंत्राची घाई करू नका. विष्णुशर्म्याने ते राजपुत्रांना व्यवहार शिकवण्यासाठी सांगितलं, अशी त्याची कथा आहे. त्यात फसवाफसवी आणि मारामारी भरपूर. पाच-सहा वर्षांचं झाल्यावर मूल मगरीला आणि माकडाला छान पेलतं.

वर्षाच्या आतल्या बाळाला जाड पुठ्ठ्याचं, गोल कोपऱ्यांचं, पानावर एकच चित्र असलेलं पुस्तक द्या. ते आधी चाखलं जाणार आहे! पुढे नॅशनल बुक ट्रस्ट, ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स यांची मराठी पुस्तकं चाळून बघा. महिन्याला एकच घ्या, पण चांगलं घ्या. मूल तेच ते पन्नासदा वाचायला लावतं, आणि पान फाटतंच. ते चिकटवायला बसाल तेव्हा त्यालाही शेजारी घ्या, खळीची वाटी धरायचं काम त्याचं.