उन्हाळ्याचा अंदाज एकच, पण त्याचा अर्थ प्रत्येक प्रदेशासाठी वेगळा

बेंगळुरू, १ मार्च २०२५ (वार्ता-विश्लेषण) : मार्च ते मे या कालावधीत देशाच्या बहुतांश भागांत दिवसाचे आणि रात्रीचे तापमान सरासरीपेक्षा अधिक राहण्याची शक्यता असल्याचा हंगामी अंदाज भारतीय हवामान विभागाने शुक्रवारी जाहीर केला. दक्षिण द्वीपकल्पाचा दक्षिण व नैर्ऋत्य भाग, ईशान्य भारत आणि देशाचे उत्तर टोक वगळता इतरत्र उष्णतेच्या लाटांचे दिवसही नेहमीपेक्षा अधिक असू शकतील, असे विभागाने म्हटले आहे. नुकताच सरलेला फेब्रुवारी हा १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वाधिक उष्ण फेब्रुवारी ठरला. देशाचे सरासरी तापमान या महिन्यात २२.०४ अंश सेल्सिअस होते. ते सरासरीहून १.३४ अंशांनी अधिक आहे.

या घोषणेनंतर बेंगळुरूत पहिला प्रश्न उपस्थित झाला तो पाण्याचा. गतवर्षीची टंचाई पुन्हा येणार का? याच वेळी कोकणातील आंबा बागायतदार आणि कोडगूतील कॉफी उत्पादक याच अंदाजाकडे वेगळ्या चिंतेने पाहत आहेत. हंगामी अंदाज तापमानाविषयी काही सांगतो. नुकसान किती होईल, हे मात्र तो सांगत नाही. नुकसान ठरते ते स्थानिक परिस्थितीवर: पीक कोणत्या अवस्थेत आहे, पाऊस नेमका कोणत्या आठवड्यात पडतो आणि धरणात पाणी किती आहे, यावर. म्हणूनच हा अंदाज किनारपट्टी, मलनाड आणि बेंगळुरू या तीन ठिकाणी स्वतंत्रपणे वाचणे आवश्यक ठरते.

किनारपट्टी : ३७ अंशांची कसोटी

हवामान विभागाच्या निकषांनुसार मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश, डोंगराळ भागात ३० अंश, तर किनारपट्टीवर ३७ अंश असेल आणि ते सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी अधिक असेल, तर उष्णतेची लाट मानली जाते. एका हवामान उपविभागातील किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस अशी स्थिती राहिल्यास दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते. फेब्रुवारीच्या अखेरच्या आठवड्यात ही वेळ आली. कोकण, गोवा आणि कर्नाटकाच्या किनाऱ्यासाठी उष्णतेचे इशारे देण्यात आले, आणि मुंबईत सांताक्रूझ येथे पारा ३८ अंशांपुढे गेला. दिनदर्शिकेनुसार अद्याप हिवाळा सुरू असतानाच हे घडले.

यामागचे कारण वाऱ्यांत आहे. एरवी या दिवसांत दुपारपूर्वी समुद्रावरून खारे वारे वाहू लागतात आणि किनाऱ्यावरील तापमान आटोक्यात राहते. जमिनीकडून येणारे पूर्वेचे कोरडे वारे जोरकस असतील, तर खाऱ्या वाऱ्यांना उशीर होतो. तेवढ्या दोन-तीन तासांच्या विलंबाने पारा चार-पाच अंशांनी चढतो. देवगडपासून कारवारपर्यंतचा पट्टा या बाबतीत एकच आहे. मात्र हवामान विभागाच्या नकाशावर तो ‘कोकण व गोवा’ आणि ‘किनारी कर्नाटक’ अशा दोन उपविभागांत विभागलेला असतो.

हापूसच्या दृष्टीने हा काळ नाजूक आहे. कोकणात मोहोर टप्प्याटप्प्याने येतो. त्यामुळे मार्चच्या आरंभी एकाच बागेत काही झाडांवर अंड्याएवढी फळे असतात, तर काहींवर वाटाण्याएवढी कणी. मोठ्या फळांना कडक उन्हाने डाग पडतात आणि लहान फळांची गळ वाढते. फळ बाहेरून निर्दोष दिसूनही आतला गर पांढरट व स्पंजासारखा होणाऱ्या ‘साका’ या दोषाचा संबंधही उष्णतेशी जोडला जातो. दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत यावर साधे उपाय आहेत: फळे वाटाणा ते सुपारीच्या आकाराची असताना प्रत्येक झाडाला पंधरा दिवसांच्या अंतराने १५० ते २०० लिटर पाणी, बुंध्याभोवती आच्छादन आणि फळे अंड्याएवढी झाल्यावर त्यांना कागदी पिशव्या. कातळावरील बागेत पाणीच उपलब्ध नसेल, तर मात्र अचूक अंदाजही बागायतदाराच्या फारसा उपयोगी पडत नाही.

मलनाड : एका पावसावर उभा हंगाम

पश्चिम घाटाच्या पूर्व उतारावरील कोडगू, चिक्कमगळुरू आणि हासन या जिल्ह्यांत परिस्थिती नेमकी उलट आहे. येथे भीती उष्णतेपेक्षा पावसाच्या वेळेची आहे. देशातील सुमारे ७० टक्के कॉफी कर्नाटकात पिकते. कॉफीच्या कळ्या हिवाळ्यात तयार होऊन सुप्त राहतात, आणि फेब्रुवारी ते एप्रिल या काळातील वळवाच्या पहिल्या चांगल्या सरीनंतर आठ-दहा दिवसांत त्या एकदम उमलतात. यासाठी साधारण २० ते ४० मिलिमीटर पाऊस लागतो. त्याहून कमी पाऊस पडला तर फुलोरा अर्धवट राहतो. ऐन फुलोऱ्याच्या दिवशी सर कोसळली तर परागीभवनात अडथळा येतो. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी दुसरा पाऊस झाला नाही, तर फळधारणा घटते.

म्हणजेच एका महिन्याचा पाऊस ‘सरासरीइतका’ असूनही कॉफीचा हंगाम बिघडू शकतो. मार्चमध्ये देशभरातील सरासरी पाऊस २९.९ मिलिमीटर असून यंदा तो सामान्य श्रेणीत, म्हणजे दीर्घकालीन सरासरीच्या ८३ ते ११७ टक्के राहण्याची शक्यता विभागाने वर्तविली आहे. हा आकडा संपूर्ण देशासाठी अर्थपूर्ण आहे. मडिकेरीतील उत्पादकाला मात्र तो तुषार सिंचनाचे पंप आज सुरू करावेत की आणखी चार दिवस थांबावे, हे सांगत नाही. रोबस्टाचे अनेक मोठे उत्पादक पावसाची वाट न पाहता तुषार सिंचनाने फुलोरा आणतात. ज्यांच्याकडे तलाव नाही, अशा लहान उत्पादकाला आभाळाकडेच पाहावे लागते. जागतिक बाजारात अरेबिकाच्या वायदेभावाने फेब्रुवारीत प्रतिपौंड चार डॉलरची पातळी ओलांडली असताना या प्रतीक्षेचे मोल अधिकच वाढले आहे.

बेंगळुरू : उष्णता आणि टंचाई यांतील अंतर

कोडगूतच उगम पावणारी कावेरी बेंगळुरूची तहान भागवते. शहरापासून सुमारे शंभर किलोमीटर अंतरावरून आणि सुमारे पाचशे मीटर उंचीवर हे पाणी पंपांनी चढवले जाते. गतवर्षीच्या टंचाईचे मूळ मार्चच्या उन्हात नव्हते. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यातील २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळग्रस्त जाहीर झाले होते. त्याचा परिणाम म्हणून मार्च २०२४ पर्यंत शहरातील सुमारे १३,९०० सरकारी कूपनलिकांपैकी ६,९०० कोरड्या पडल्याचे राज्य सरकारनेच सांगितले. त्यानंतर एप्रिल पूर्णपणे कोरडा गेला आणि २८ एप्रिल रोजी पारा ३८.५ अंशांवर पोहोचला. एप्रिलमध्ये शहरात सरासरी सुमारे ६० मिलिमीटर पाऊस पडतो. गतवर्षी तो एक थेंबही पडला नाही.

यंदाची स्थिती दोन बाबतींत वेगळी आहे. २०२४ च्या पावसाळ्यात कृष्णराजसागर धरण जुलैमध्येच भरले. शिवाय प्रतिदिन ७७.५ कोटी लिटर क्षमतेचा कावेरी योजनेचा पाचवा टप्पा ऑक्टोबरमध्ये कार्यान्वित झाला. त्यामुळे यंदा गतवर्षीइतकी किंवा त्याहून अधिक उष्णता झाली, तरी शहरात तितकीच टंचाई निर्माण होईल, असे मानण्यास आधार नाही.

तरीही निश्चिंत राहण्याजोगी परिस्थिती नाही. पाचवा टप्पा ज्यांच्यासाठी उभारला, त्या २००७ नंतर महापालिका हद्दीत आलेल्या ११० गावांतील नळजोडण्यांचे काम अद्याप सुरू आहे. तेथील गृहसंकुले आजही मुख्यतः कूपनलिका आणि टँकरवर अवलंबून आहेत. भूजल सर्वाधिक खालावण्याची भीतीही याच भागाला आहे. पिण्याचे पाणी वाहने धुणे, बागकाम आणि कारंजी यांसाठी वापरण्यास बेंगळुरू पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळाने १७ फेब्रुवारी रोजी बंदी घातली असून उल्लंघन करणाऱ्यास ५,००० रुपये दंड ठोठावला जाणार आहे. गतवर्षी अशी बंदी टंचाई शिगेला पोहोचल्यावर मार्चमध्ये आली होती. यंदा ती तीन आठवडे आधी आली. पूर्वअंदाजाचा उपयोग असाच व्हायला हवा.

दुवा कोणता?

महानगराच्या पाणीपुरवठा मंडळाकडे अभियंते आहेत, शास्त्रज्ञांचा सल्ला आहे आणि दंडाचा अधिकार आहे. देवगडच्या बागायतदाराकडे किंवा सोमवारपेटेच्या लहान कॉफी उत्पादकाकडे यांपैकी काही नसते. त्यांच्यासाठी हंगामी अंदाजाचे रूपांतर स्थानिक सल्ल्यात करणारी यंत्रणा आवश्यक असते. २०१८ नंतर कृषी विज्ञान केंद्रांत स्थापन झालेले १९९ जिल्हा कृषी हवामान कक्ष या कामासाठीच होते. ते २०२३-२४ च्या अखेरीस बंद करण्यात आले. कृषी विद्यापीठांतील १३० केंद्रे कार्यरत असून दर मंगळवारी व शुक्रवारी त्यांचे सल्ले प्रसिद्ध होतात, परंतु त्यांच्या प्रत्येकाच्या वाट्याला अनेक जिल्हे आहेत.

कर्नाटकाने या बाबतीत स्वतःची वाट शोधली. १९८८ मध्ये दुष्काळ देखरेख कक्ष म्हणून सुरू झालेल्या आणि आज राज्य नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्र या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेंगळुरूतील संस्थेने ग्रामपंचायत पातळीपर्यंत सहा हजारांहून अधिक स्वयंचलित पर्जन्यमापके बसवली आहेत. ‘वरुण मित्र’ या दूरध्वनी सेवेवर शेतकऱ्याला आपल्या भागातील पावसाची माहिती विचारता येते. तीही अचूक दिवस सांगू शकत नाही, पण शेजारच्या गावात काल किती पाऊस झाला, हे नक्की सांगते. कॉफी उत्पादकाला निर्णय घेण्यासाठी अनेकदा एवढी माहिती पुरेशी असते.

केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये २,००० कोटी रुपयांच्या ‘मिशन मौसम’ला मंजुरी दिली असून त्यातून रडार, निरीक्षण केंद्रे आणि संगणकीय प्रारूपे यांची क्षमता वाढणार आहे. अंदाज अधिक अचूक होतील, हे स्वागतार्हच आहे. मात्र अंदाज देणारी यंत्रणा सक्षम होत असताना तो जिल्ह्यापर्यंत समजावून पोहोचवणारी साखळी तोकडी राहिली, तर या गुंतवणुकीचा लाभ अर्धाच मिळेल.

चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज हवामान विभाग दर गुरुवारी प्रसिद्ध करतो. नैर्ऋत्य मोसमी पावसाचा पहिला अंदाज एप्रिलच्या मध्यास अपेक्षित आहे. तोपर्यंत कोकणात खारे वारे किती वाजता सुटतात, कोडगूत पहिली सर कधी पडते आणि बेंगळुरूच्या ११० गावांत किती नळजोडण्या पूर्ण होतात, यांवरच यंदाच्या उन्हाळ्याची खरी तीव्रता ठरणार आहे.