घास द्यायचा, पण कुणाच्या दारात?



आपल्याकडे सूर्यास्ताआधी स्वयंपाकघर आवरतं आणि शिळं आपण ठेवत नाही. मग उरलेल्या चार पोळ्या आणि वाटीभर खिचडीचं काय करायचं? मी कित्येक वर्षं ते सगळं जिन्याखाली कुत्र्यांपुढे ओतायची आणि जीवदया झाली असं समजायची.

मागच्या पावसाळ्यात आमच्या गंगापूर रोडच्या कॉलनीत तळमजल्यावरचे काका सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, पुण्य तुमचं आणि कुत्री आमच्या दारात!" त्यांच्या नातवाला कुत्रं चावलं होतं, इंजेक्शनं चालू होती. मला रागच आला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तर "खायला घालणंच बंद करा" इथपर्यंत गोष्ट गेली.

ते मला आजही पटत नाही. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अन्नपाननिरोध आहे. आपल्या आधाराने जगणाऱ्या जिवाचं अन्नपाणी तोडणं हा दोषच.

पण त्या संध्याकाळी मी जिन्याखाली नीट पाहिलं. खिचडीला मुंग्या लागलेल्या, त्यांच्यावर पाय देत माणसं ये-जा करत होती. कोपऱ्यात कालचा भात आंबला होता. शिळ्यात जीवोत्पत्ती होते म्हणून मी घरात ते ठेवत नाही, आणि तीच जीवोत्पत्ती मी दुसऱ्याच्या दारात करत होते! ते दान नव्हतं, विल्हेवाट होती.

मुलाने मग मला नियम वाचून दाखवले. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत खायला घालायला बंदी नाही, पण जागा ठरवायला सांगितली आहे. ती जिना, येण्याजाण्याची वाट आणि मुलांच्या खेळण्यापासून दूर हवी, वेळ ठरलेली हवी आणि नंतर घाण राहता कामा नये. २२ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टानेही रस्त्यावर कुठेही खायला न घालता त्यासाठी वेगळ्या जागा करायला सांगितलं. मला वाटलं, याला तर आपण जयणा म्हणतो!

त्याच महिन्यात दादरच्या कबुतरखान्यावरची ताडपत्री लोकांनी ओढून काढली. त्यात आपल्या बायकाही होत्या. त्यांची कळकळ मला कळते. पण कबुतरांमुळे ज्यांना दम लागतो, तोही पंचेंद्रिय जीवच ना?

आता मी साडेपाचला मागच्या भिंतीपाशी जाते. थाळीत ताज्या पोळ्या, शेजारी गाळलेलं पाणी. कांदा-लसूण कुत्र्यांना अपायकारक, तो आपल्याकडे नसतोच. त्यांचं खाणं होईपर्यंत थांबते आणि थाळी उचलून जागा झाडते. चारही कुत्र्यांना आम्ही तिघीचौघींनी वर्गणी काढून रेबीजची लस टोचून घेतली.

काका अजून माझ्याशी फारसं बोलत नाहीत. नातू कुत्रं दिसलं की आजही आजोबांचा हात धरतो. त्याची भीती खरी आहे, आणि तिच्यात माझ्या खिचडीचा वाटा होता. पर्युषणात सगळ्यांना मिच्छामि दुक्कडं म्हणताना मी त्या मुलाला विसरले होते. यंदा आधी त्यांच्या दारी जाणार आहे.

सख्यांनो, घास जरूर द्या. पण तो देऊन झाल्यावर पाच मिनिटं तिथेच थांबा. दया तिथे कळते.