खंड्याच्या हाय हील्स

रात्री दोन वाजता माझ्या फ्लॅटमध्ये कुणीतरी हाय हील्स घालून फिरतं. टक टक टक... हॉलमधून किचन, किचनमधून बाल्कनी, पुन्हा हॉल. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी हा मुद्दा सोसायटीच्या मीटिंगमध्ये मांडला, तेव्हा मला आधी हसूच फुटलं. मी एकटी राहते, बँकेत नोकरी करते आणि माझ्याकडे हाय हील्सची एकही जोडी नाही. फिरणारा होता खंड्या. वय दीड वर्ष, जात कारवानी, आणि नखं इतकी वाढलेली की टाइल्सवर पंजाच्या आधी नखच टेकायचं.

कारवानी म्हणजे आपल्या लातूर-नांदेडकडचा अस्सल लोकल माल! लांब तोंड, खोल छाती, गायब झालेलं पोट. केनेल क्लब ऑफ इंडिया त्याला कॅरॅव्हॅन हाउंड म्हणतो, कर्नाटकात त्याचा भाऊबंद मुधोळ हाउंड या नावानं मिरवतो. त्या मुधोळचं तर २००५ साली पोस्टाचं तिकीटही निघालं. आमच्या कारवानीच्या नशिबी मात्र लिफ्टमध्ये रोज एकच प्रश्न: "मॅडम, याला जेवायला देत नाही का?" अहो, बरगड्या दिसणं हाच याचा फिटनेस आहे!

चाकूर तालुक्यातल्या मामाच्या शेतावरून मी त्याला दोन महिन्यांचा असताना नांदेडला आणलं. खंड्या हे नावही मामाचंच. साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या कुत्र्याचं नाव खंड्या होतं आणि त्याची समाधी संगम माहुलीला आहे, हे मामा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतो.

तर मीटिंगनंतरच्या रविवारी मी नखं कापायला बसले. हत्यार? माझंच नेलकटर. तिसऱ्या नखाला कचकन आवाज झाला, खंड्या किंचाळला आणि पांढऱ्या टाइल्सवर रक्ताचे ठिपके. कुत्र्याच्या नखात रक्त आणि संवेदना असलेली जिवंत शीर असते. नख पांढरं असेल तर ती गुलाबी दिसते, काळं असेल तर काही कळत नाही. खंड्याची सगळी नखं काळी. मी कॉर्नफ्लॉवर लावून चार-पाच मिनिटं दाबून धरलं, रक्त थांबलं. पण पुढचा महिनाभर मी नुसता ड्रॉवर उघडला तरी साहेब पलंगाखाली!

त्याच पावसाळ्यात त्यानं पुढचे पाय चाटायला सुरुवात केली. आधी वाटलं, स्वच्छता करतोय. मग बोटांमधली कातडी लाल झाली, केस गेले, वास यायला लागला. मी काय काय केलं! शाम्पू बदलला, पावडर मारली, बाळाचे मोजे घातले (ते त्यानं खाल्ले). शेवटी डॉक्टर. त्यांनी टॉर्च लावून बोटांची प्रत्येक फट पाहिली. आपल्या काळ्या मातीत हे पाहावंच लागतं, कारण ओला चिखल बोटांत बसतो, वाळला की खड्यासारखा टोचतो, आणि तिथंच ओल राहून बुरशी धरते. गोचिडांनाही हीच जागा आवडते. आणि कुसळं! बारीक कुसळ कातडीत शिरलं की आत आत सरकत जातं. यातलं खंड्याला काहीच निघालं नाही. अॅलर्जीचीही लक्षणं दिसेनात. डॉक्टरांनी टॉर्च खिशात ठेवला आणि विचारलं, "मॅडम, हा घरात एकटा किती वेळ असतो?"

मी मनात हिशेब केला. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. मार्च एंडला साडेआठसुद्धा.

खरं सांगू? राग आला. मीही दहा तास खुर्चीवर बसते, माझे पाय कोण बघतं? पण रात्री मामाला फोन केला तेव्हा तो आधी खो खो हसला. "नखं कापू लालीस? कुत्र्याची? माय, आमच्या कुत्र्यांची नखं कुणी कापलीत का आजवर? रान तुडवून तुडवून झिजत्यात की!" मग आवाज उतरला. "बसवून ठेवलीस व्हय त्याला? येळवशीला घेऊन ये. तवर सुधरलं तर ने, न्हाई तर ऱ्हाऊ दे इथंच."

मी रात्रभर जागी. टक टक टक. हातात चार महिने.

पहिलं काम, पळणं. कारवानी म्हणजे दिवसभर धावणारं यंत्र असं लोकांना वाटतं, ते साफ चूक. हा शंभर मीटरवाला गडी आहे. दोन-तीन जोरदार धावा झाल्या की तासन् तास झोपतो. प्रश्न त्या दोन-तीन धावांचाच. मोकळ्या माळावर सोडायची सोय नाही, कारण समोर काही पळालं की याला स्वतःचं नावही आठवत नाही. ससा, काळवीट यांच्या मागे कुत्री सोडणं ही १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार ठरते, आणि रस्त्यावरच्या बाइकमागे सोडणं म्हणजे आत्महत्या. मग कंपाउंडची भिंत असलेलं एक मैदान शोधलं. काठीला दोरी, दोरीला जुन्या ओढणीची चिंधी, हा आमचा ससा! सकाळी साडेपाचला मी मधोमध उभी राहून काठी फिरवते आणि खंड्या उडतो. शेवटी चिंधी त्याला पकडू द्यायची, नाहीतर तो वैतागतो. खाण्याआधी किंवा नंतर लगेच मात्र पळवायचं नाही, खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो आणि त्यात जीव जातो.

दुसरं, डोक्याला काम. नाश्ता वाटीत देणं बंद. भाकरीचे तुकडे जुन्या टॉवेलच्या गाठींमध्ये, खोक्यात, सोफ्याखाली. शोध बाबा! ऑफिसला निघताना हे केलं की वीस मिनिटं तो नाकाला जुंपलेला असतो आणि मग आडवा. दुपारी वरच्या मजल्यावरचा कॉलेजचा मुलगा त्याला फिरवून आणतो. महिन्याला पैसे देते, दोन पिझ्झा कमी खाते. संध्याकाळी मी नेते, आणि ओढत नेत नाही. प्रत्येक खांब वाचायचा असतो त्याला, वाचू द्या.

आणि पाय? ते सगळ्यात हळू. आठवडाभर नुसता पंजाला हात लावायचा आणि उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यायचा. पुढच्या आठवड्यात कुत्र्यांचं खास नेलकटर शेजारी ठेवायचं, कापायचं नाही. मग एका दिवशी एकच नख. काळ्या नखाचं फक्त टोक, पापुद्र्याएवढं, आणि कापलेल्या जागी मधोमध गडद ठिपका दिसला की थांबायचं. असं दर आठवड्याला थोडं थोडं केलं की आतली शीरही हळूहळू मागे सरकते. एका दमात सगळं कापून टाकू म्हणाल तर माझ्यासारखं रक्त पुसाल. अंगठ्याचं नख विसरू नका, ते जमिनीला लागत नाही, झिजत नाही, वळून मांसात घुसतं. फिरून आलं की बोटं पुसून कोरडी. उन्हाळ्यात हाताची मागची बाजू डांबरावर ठेवून सात आकडे मोजायचे. तुमचा हात टिकला नाही तर त्याचे पायही टिकत नाहीत. आपल्याकडे मे महिन्यात सकाळी दहालाच हात उचलावा लागतो.

मार्गशीर्षात निघालो. वाटेत माळेगावला खंडोबाची यात्रा भरलेली, घोडे, गाढवं आणि कुत्रीसुद्धा. एका म्हाताऱ्या बाबांनी खंड्याचा पंजा न विचारता उचलला, बोटं फाकवून पाहिली आणि किंमत विचारली. मी "विकायचं नाही" म्हणाले. पण पुढच्या सगळ्या रस्त्यात पोटात गोळा.

दुसऱ्या दिवशी येळवस. अख्खं शिवार माणसांनी भरलेलं, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. (भज्जीत लसूण-कांदा असतो, कुत्र्याला एक घासही नाही.) मामानं खंड्याला दोरी लावूनच बांधावरून फिरवलं. परत आला तो तीन पायांवर. टाचेत गोखरू! मामा वाकला, तर खंड्या त्याला चुकवून माझ्याकडे आला आणि पंजा मांडीवर ठेवला. मी काटा काढला. मामा बराच वेळ त्याच्या बोटांच्या फटी बघत होता. केस परत आले होते, कातडी काळी-कोरडी.

"चिंधीमागं पळतंय म्हणं?"

"हो."

"मला दाखीव की ती काठी."

संध्याकाळी मामी डबा भरत असताना मामानं खंड्याची दोरी सोडली, गाडीचं मागचं दार उघडलं आणि म्हणाला, "शनवारी फोन कर. नखं किती राहिली सांग." खंड्या अहमदपूरच्या आधीच घोरायला लागला.