आधी पाहा, मग बोट दाखवा



दर आठवड्याला या जागी आपण खत, बियाणे आणि फवारणी यांच्या गोष्टी करतो. आज जरा निराळा विषय काढतो. गावात मुक्कामाला राहिलो की माझ्या पिशवीत माती-नमुन्याच्या पुड्यांबरोबर एखादे जुने इंग्रजी पुस्तक असते. परवा एका घरी जेवणे झाल्यावर आजोबांनी ते उलटून पालटून पाहिले आणि विचारले, "साहेब, एवढे रंगून काय वाचता? पिकाचे आहे का?" मी म्हणालो, "नाही आजोबा, खुनाचे आहे." म्हातारा दचकलाच! त्या रात्री त्यांना जे सांगितले तेच आज तुम्हाला सांगतो.

आमच्या पिढीतल्या पुष्कळांना हा नाद बाबूराव अर्नाळकरांनी लावला. त्यांचे झुंजार, धनंजय आणि काळा पहाड आम्ही कॉलेजच्या वसतिगृहात एकमेकांच्या हातून ओढून वाचत असू. पुढे वाचनालयाच्या कपाटात शेरलॉक होम्स सापडला आणि मी शब्दकोश मांडीवर घेऊन इंग्रजीकडे वळलो. तो नाद पन्नाशी उलटली तरी सुटलेला नाही.

या विलायती गुप्तहेरांची एक गंमत सांगतो. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा जीव शेतीत अडकलेला! शेरलॉक होम्स म्हातारपणी लंडन सोडून ससेक्स परगण्यात गेला आणि मधमाश्या पाळू लागला. अ‍ॅगाथा ख्रिस्तीबाईंचा पॉयरो १९२६ सालच्या एका कादंबरीत निवृत्त होऊन खेड्यात भोपळ्याच्या जातीची भाजी पिकवतो. पीक मनासारखे येईना म्हणून एके दिवशी रागाने तो भोपळा कुंपणापलीकडे भिरकावतो आणि तो शेजारच्या डॉक्टरांच्या पायाशी येऊन फुटतो. त्या दोघांच्याही आधीचा सार्जंट कफ तर गुन्ह्याचा तपास करता करता माळ्याशी गुलाबाच्या कलमावरून वाद घालत बसतो.

हा कफ विल्की कॉलिन्सच्या 'द मूनस्टोन' या १८६८ सालच्या कादंबरीतला. तिचा धागा आपल्या देशाशी जुळतो. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले, त्या लुटीत एका इंग्रजाने देवाचा हिरा पळवला आणि पुढे तो इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यातल्या एका घरातून चोरीला गेला, अशी ती कथा. त्या घरातल्या एका दारावरच्या ओल्या रंगाला कुणाचे तरी कपडे घासलेले होते. आधी आलेला पोलीस अधिकारी ते क्षुल्लक समजून सोडून देतो. कफ मात्र विचारतो, हा रंग वाळायला किती वेळ लागतो? बारा तास. लावला केव्हा? डाग नसताना दार शेवटचे कुणी पाहिले? एवढ्यावरून मध्यरात्र ते पहाटे तीन ही वेळ तो काढतो. कुणाचा दंगा नाही, कुणाला मारहाण नाही. एक डाग आणि चार साधे प्रश्न.

मला वाटते, या पुस्तकांची पहिली गोडी इथे आहे. लेखक आपल्याशी सरळ व्यवहार करतो. गुप्तहेराला जे दिसते ते वाचकालाही दिसले पाहिजे, हा त्यांचा दंडक. १९२९ साली रोनाल्ड नॉक्स नावाच्या एका पाद्र्याने अशा कथांसाठी दहा नियमच लिहून काढले. भुताखेताने उलगडा करायचा नाही, कुणाला ठाऊक नसलेले विष वापरायचे नाही, पुरावा लपवायचा नाही. पाठोपाठ १९३० साली लंडनमध्ये या लेखकांनी आपले मंडळ काढले आणि नव्या सभासदाकडून तशी शपथ घेण्याची चाल पाडली. शेवटचे पान वाचून आपण कपाळावर हात मारतो, "अरे, हे तर माझ्यासमोर होते!" ती हार गोड लागते, कारण फसवणूक झालेली नसते.

दुसरी गोडी म्हणजे ही पुस्तके साध्या माणसाच्या ज्ञानाला मान देतात. ख्रिस्तीबाईंची मिस मार्पल ही खेड्यातली एक म्हातारी, हातात विणकाम, घरामागे बाग. १९३० सालापासून ती कादंबऱ्यांतून येऊ लागली. ती नवा माणूस पाहिला की म्हणते, हा आमच्या गावातल्या अमक्यासारखा दिसतो. एका गोष्टीत सुट्टीच्या सणाच्या दिवशी कुणी माळी बागेत राबताना दिसला असे कळते. शहरी शहाण्यांना त्यात काही वाटत नाही. म्हातारी म्हणते, खरा माळी त्या दिवशी कामाला येतच नाही, म्हणजे तो माळी नव्हता. आपल्याकडे पोळ्याच्या दिवशी कुणी औत धरलेले दिसले तर तुमची आजी काय म्हणेल? तेच!

पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडात ही पुस्तके घरोघर गेली. तरणीताठी मुले लाखांनी मेली होती, कोण कशासाठी मेले याचा पत्ता नव्हता. अशा वेळी एका माणसाच्या मरणाची नीट चौकशी होते आणि विचाराने सत्य हाती लागते, हे वाचून माणसांना धीर आला असणार. युद्धकाळात ख्रिस्तीबाई स्वतः टॉर्की गावच्या इस्पितळात औषधे देण्याचे काम करीत होत्या. विषांची माहिती त्यांना तिथेच झाली.

पण तिसरी गोष्ट मला सगळ्यांत मोठी वाटते. खरा गुन्हेगार सापडेपर्यंत घरातला प्रत्येक माणूस संशयाखाली असतो. 'मूनस्टोन'मध्ये रोझाना नावाची मोलकरीण आहे. तिने पूर्वी चोरी केलेली, म्हणून हिरा जाताच नजरा तिच्याकडे वळतात. हिरा तिने घेतलेला नसतो. तरी त्या पोरीचा शेवट वाईट होतो. एवढा हुशार कफ, पण त्याचाही अंदाज शेवटी चुकतो आणि पुढे तो ते कबूल करतो. गुन्हेगाराला पकडण्याइतकेच निर्दोषाला मोकळे करणे हे तपासाचे काम आहे, हे मी या पुस्तकांतून शिकलो. शिकलो म्हणतो खरा, पण वेळेवर आठवले नाही. ती गोष्ट सांगतो.

पंचवीस वर्षे झाली असतील. एका गावी दोन सख्खे भाऊ, मधे बांध. थोरल्याचा कापूस, धाकट्याचा ऊस. धाकट्याने उसात २,४-डी हे तणनाशक मारले होते. आठवड्याने थोरल्याच्या कपाशीची पाने भेंडीच्या पानांसारखी लांबट, अरुंद होऊ लागली. २,४-डीला कपाशी फार नाजूक, हे मला पाठ होते. मी मोटारसायकलवरून न उतरताच म्हणालो, "शेजारच्या उसातले औषध वाऱ्याने आले असणार." आणि पुढच्या गावी निघून गेलो.

त्या संध्याकाळी बांधावर काठ्या निघाल्या. पाणी बंद, बोलणे बंद. दोघांची आई धाकट्याकडे राहत होती, तिने थोरल्या नातवंडांना पाहायचे म्हटले तरी चोरून जावे लागे.

दहा-बारा दिवसांनी मी पाहणीला गेलो, तेव्हा मात्र शेत पायाखाली घातले. औषध वाऱ्याने आले असते तर बांधालगतच्या ओळी सर्वांत जास्त बिघडायला हव्या होत्या. त्या जवळजवळ धडधाकट होत्या! बिघाड विहिरीकडच्या कोपऱ्यात सर्वांत जास्त आणि तिथून ओळीगणिक कमी होत गेलेला. मी विचारले, "तुडतुड्यांसाठी फवारणी केलीत, ती सुरू कुठून केली?" "विहिरीपासून." "पंप कुणाचा?" "आमचाच. पण आधी मेहुण्याने नेला होता, त्याच्या उसातले तण मारायला."

उलगडा झाला. मेहुण्याने पंप एकदा खळबळून परत दिला होता, तेवढ्याने २,४-डी जात नाही. पहिल्या पंपात उरलेले औषध जास्त गेले, दुसऱ्यात कमी, शेवटच्यात नावाला. गुन्हेगार थोरल्याच्या स्वतःच्या ओसरीवर टांगलेला होता.

मी दोघांना चावडीवर बोलावून सर्वांसमोर सांगितले की चूक माझी, मी न पाहता बोललो. थोरला खाली मान घालून बसला. धाकटा काही न बोलता उठून गेला. दोघे पुन्हा एका पंगतीला बसायला दोन दिवाळ्या जाव्या लागल्या. तोवर आई राहिली नव्हती.

म्हणून सांगतो, तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा, आणि कुणाला दिला-घेतला तर आधी विचारा, त्यात काय मारले होते. पीक बिघडले तर शेताच्या चारही बाजू चालून पाहा. बिघाड कुठून सुरू झाला, कुठे कमी झाला, कुठे अजिबात नाही, हे टिपा. आमच्यासारखा साहेब गाडीवरून उत्तर देऊ लागला तर त्याला आधी खाली उतरवा.

आणि गावच्या वाचनालयात होम्सचे एखादे मराठी भाषांतर मिळाले तर सुगीनंतर घरातल्या पोराकडून मोठ्याने वाचून घ्या. शेवटच्या पानाआधी थांबवून प्रत्येकाला विचारा, गुन्हेगार कोण आणि कशावरून? त्या आजोबांच्या घरी आम्ही तसेच केले. बरोबर उत्तर चुलीपाशी भांडी आवरणाऱ्या सुनेने दिले.