आधी माणसाला रस्ता ओलांडू द्या

प्रति,
मा. महापौर, मा. आयुक्त आणि सर्व १५१ नगरसेवक, नागपूर महानगरपालिका,
मा. पोलीस उपायुक्त (वाहतूक), नागपूर शहर

विषय : शहरात पायदळ चालणाऱ्यांची सुरक्षितता



मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षं या शहरात प्रशासकीय राजवट होती. गल्लीतल्या उघड्या चेंबरपासून चौकातल्या बंद सिग्नलपर्यंत कुठलीही तक्रार घेऊन कुणाच्या दारात जावं, हे लोकांना कळत नव्हतं. जानेवारी २०२६ मध्ये आम्ही मतदान केलं. आता पुन्हा विचारायला हक्काची माणसं आहेत, म्हणून हे पत्र. मागणी एकच आहे. रस्त्याबद्दलचा कोणताही निर्णय घेताना ‘पायी चालणारा माणूस इथून कसा जाईल’ हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारा आणि त्याचं उत्तर त्या प्रस्तावातच लेखी द्या.

आजवर पहिला प्रश्न वाहनांचा राहिला. वर्धा रोडवर जमिनीवर महामार्ग, त्यावर ३.१४ किलोमीटरचा उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये हा पूल खुला झाला. २०२४ मध्ये कामठी रोडवर त्याहून लांब पूल झाला. या बांधकामांचा नागपूरकरांना अभिमान आहे आणि तो रास्त आहे. पण वरच्या मजल्यांचं नियोजन जितक्या बारकाईनं झालं, तितकं बारीक लक्ष खाली जमिनीवर रस्ता ओलांडणाऱ्याच्या वाट्याला आलं नाही. ११ डिसेंबर २०२२ पासून खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि लोकमान्यनगर ते प्रजापतीनगर अशी मेट्रो धावते आहे. स्टेशनात लिफ्ट आहे, सरकता जिना आहे. स्टेशनाबाहेर पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला घरापर्यंतचा शेवटचा अर्धा किलोमीटर मात्र गाड्यांच्या मधून काढावा लागतो.

हे सगळ्यांत स्पष्ट दिसतं उन्हाळ्यात. इथं २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. नवतप्यातली दुपार काय असते हे आपल्याला सांगायला नको. दुचाकीस्वारांना भर उन्हात ताटकळावं लागू नये म्हणून गेल्या काही वर्षांत चौकाचौकांत हिरव्या जाळ्या लागतात आणि दुपारच्या वेळी काही सिग्नल बंद ठेवले जातात. यामागची कळकळ खरी आहे. पण हा निर्णय घेताना पायी चालणारा विचारात घेतला गेला नाही. जाळी येते ती स्टॉपलाइनवरच्या गाड्यांवर. रस्ता ओलांडण्यासाठी कडेला उभ्या असलेल्या बाईच्या डोक्यावर ती येत नाही. सिग्नल सुरू असताना तिला लाल दिव्याचा आधार तरी असतो. तो बंद झाला की चारही बाजूंनी गाड्या अखंड येत राहतात, आणि ज्या उन्हातून गाडीवाल्याला सोडवलं त्याच उन्हात ती उभी राहते.

यावर उपाय अवघड नाही. दुपारी रहदारी कमी असते, तेव्हा सिग्नल बंद करण्याऐवजी त्याचा फेरा छोटा करा. गाडीवाल्यालाही कमी थांबावं लागेल आणि पायी चालणाऱ्यालाही ठरावीक वेळानं वाट मिळेल. रुग्णालय, रेल्वे स्टेशन आणि बसस्थानकाजवळचे सिग्नल तर कुठल्याही सबबीखाली बंद ठेवू नका. मेडिकल चौकात दुपारभर जे लोक रस्ता ओलांडतात, ते भंडारा-गोंदिया, चंद्रपूर-गडचिरोलीपासून थेट बालाघाट-छिंदवाड्याहून आलेले रुग्णांचे नातेवाईक असतात. हातात औषधांची चिठ्ठी, डब्याची पिशवी आणि मनात वॉर्डातल्या माणसाची काळजी. या शहराच्या रहदारीची त्यांना सवय नसते. त्यांना सुखरूप पलीकडे पोहोचवणं ही आपली जबाबदारी आहे.

सिग्नल सुरू असतो तेव्हाही चालण्यासाठी किती वेळ मिळतो, हे मोजून पाहा. नियोजनात माणसाचा चालण्याचा वेग साधारण सेकंदाला १.२ मीटर धरतात. २४ मीटर रुंदीचा रस्ता या वेगानं ओलांडायला २० सेकंद लागतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाचा वेग सेकंदाला ०.८ मीटर धरला, तर ३० सेकंद लागतात. शिवाय बहुतेक चौकांत डावीकडे वळणाऱ्यांसाठी ‘लेफ्ट फ्री’ आहे, त्यामुळे समोरची वाहनं थांबली तरी कडेची धार थांबत नाही. गर्दीच्या चौकांत चारही दिशांची वाहनं काही सेकंद एकदम थांबतील असा चालण्याचा टप्पा ठेवा आणि तेवढ्या वेळापुरती लेफ्ट फ्री बंद करा. शहरात एकात्मिक बुद्धिमान वाहतूक व्यवस्थापन प्रणाली बसते आहे. वाहनांची गर्दी पाहून ती हिरव्या दिव्याची वेळ कमी-जास्त करते. या प्रणालीला कडेला थांबलेली माणसंही मोजायला लावा. गाड्यांची रांग लांबली म्हणून माणसांच्या वाट्याचे सेकंद कापले जाणार नाहीत, अशी किमान मर्यादा तिच्यात आधीच घालून ठेवा.

आता फूटपाथबद्दल. या शतकाच्या सुरुवातीला टी. चंद्रशेखर आयुक्त असताना एकात्मिक रस्ते विकास प्रकल्प झाला. अतिक्रमणं हटली, रस्ते रुंद झाले, कडेनं फूटपाथ आले. मनावर घेतलं तर महापालिका काय करू शकते, हे त्या वेळी या शहरानं पाहिलं. त्यानंतर सिमेंट रस्ते आले. ते टिकाऊ आहेत, हे मान्य. पण जिथं जुना थर न खोदता त्यावरच काँक्रीट चढवलं, तिथं रस्ता घरांच्या उंबऱ्याहून उंच झाला. पावसाचं पाणी अंगणात शिरू लागलं आणि जुना फूटपाथ रस्त्याच्या पातळीखाली गेला. जिथं तो उचलून नव्यानं बांधला, तिथं त्याची कडा इतकी उंच झाली की साठी ओलांडलेल्या माणसाला खांबाला धरल्याशिवाय चढता येत नाही. मध्ये डीपी, खांब, झाडाभोवतीचा कट्टा आणि प्रत्येक गेटासमोरचा वेगळा उतार. असा फूटपाथ सोडून माणूस रस्त्यावरून चालतो, तेव्हा दोष त्याचा नसतो.

मोजमापं ठरलेली आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांनुसार चालण्याची मोकळी जागा किमान १.८ मीटर रुंद हवी, वर २.२ मीटरपर्यंत अडथळा नको आणि फूटपाथची कडा १५० मिलिमीटरपेक्षा उंच नको. यापुढे सिमेंट रस्त्याच्या प्रत्येक निविदेत फूटपाथ रस्त्यासोबतच धरा आणि तो या मापांत पूर्ण झाल्याशिवाय कंत्राटदाराचं शेवटचं बिल काढू नका. खोदकाम सुरू असताना पायी जाणाऱ्यांसाठी पत्रे लावून वेगळी वाट ठेवण्याची अटही त्यात घाला.

फूटपाथचा विषय निघाला की बोट ठेलेवाल्यांकडे जातं. बर्डीच्या मेन रोडवरच्या विक्रेत्यांचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलेला आहे. पथविक्रेता कायदा २०१४ चा आहे. त्यात शहर फेरीवाला समिती, सर्वेक्षण आणि विक्रीची ठरावीक क्षेत्रं हे सगळं सांगितलेलं आहे. ते प्रामाणिकपणे अमलात आणलं तर विक्रेत्याचं पोट आणि चालणाऱ्याची वाट दोन्ही सांभाळता येतं. अतिक्रमण पथक हातठेला उचलतं, तशी फूटपाथवर चढवलेली कारही उचलली गेली पाहिजे. दुकानासमोरचं पार्किंग आणि शोरूमबाहेर मांडलेल्या गाड्या हेही अतिक्रमणच आहे.

या सगळ्याच्या मुळाशी एक अडचण आहे. एका रस्त्याला अनेक धनी आहेत. महापालिका, नागपूर सुधार प्रन्यास, सार्वजनिक बांधकाम विभाग, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, महामेट्रो आणि वाहतूक पोलीस यांच्या हद्दी एकाच चौकात एकमेकींना भिडतात. पायी चालणाऱ्याला त्या रेषा दिसत नाहीत. त्याला खचलेला काठ दिसतो. तक्रार एका कार्यालयातून दुसऱ्याकडे जाते आणि काठ तसाच राहतो. म्हणून महापालिकेत पायी चालणाऱ्यांसाठी एक जबाबदार अधिकारी नेमा. हद्द कुणाचीही असो, तक्रार त्यांनी घ्यावी, संबंधित यंत्रणेकडून काम करून घ्यावं आणि महिन्याला त्याचा अहवाल सभागृहात ठेवावा.

रस्त्यावर पायी मरणाऱ्यांची संख्या किरकोळ नाही. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतले ३२,८२५ जण पायी चालणारे होते, म्हणजे जवळजवळ दर पाचातला एक. देशाचे रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी आमचेच खासदार आहेत. अपघात कमी करण्यात यश आलेलं नाही, हे त्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत मोकळेपणानं सांगितलं. केंद्राच्या व्याख्येनुसार महामार्गाचा सुमारे ५०० मीटरचा तुकडा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरायला तीन वर्षांत जीवघेणे किंवा गंभीर असे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू व्हावे लागतात. जागा दुरुस्त होण्यासाठी आधी एवढी माणसं द्यावी लागणं आम्हाला मान्य नाही.

आणि तशी ती द्यावी लागू नयेत, याची सोय याच शहरात उभी राहिली होती. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘आय-रास्ते’ प्रकल्प नागपुरात सुरू झाला. महापालिका, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, हैदराबादची आयआयआयटी, इंटेल आणि महिंद्रा त्यात एकत्र आले. शहर बसमध्ये बसवलेली यंत्रणा चालकाला धोक्याचा इशारा देते आणि अपघात घडण्याआधीच धोक्याच्या जागा शोधायला मदत करते. त्या जागा प्रभागवार जाहीर करा. कुठे काय दुरुस्ती झाली, कुठे राहिली, हे लोकांना दिसू द्या. केंद्राच्या ‘स्ट्रीट्स फॉर पीपल’ स्पर्धेत २०२२ मध्ये निवडल्या गेलेल्या ११ शहरांत नागपूर होतं. ज्या कल्पनांवर तो मान मिळाला, त्या दोन-चार रस्त्यांपुरत्या न राहता प्रत्येक प्रभागात पोहोचायला हव्यात. पुणे महापालिकेनं २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं. आपल्या सभागृहानंही तसं धोरण मंजूर करावं.

कायदा आता पायी चालणाऱ्याच्या बाजूनं उभा आहे. सुरक्षित फूटपाथ हा घटनेच्या अनुच्छेद २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १४ मे २०२५ रोजी सांगितलं. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १९८-अ नुसार रस्त्याच्या रचनेत मानकं पाळली नाहीत आणि त्यातून जीव गेला किंवा अपंगत्व आलं, तर संबंधित यंत्रणा, सल्लागार आणि कंत्राटदार जबाबदार ठरतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खड्डे आणि उघड्या चेंबरमुळे मृत्यू झाल्यास सहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. पण भरपाईचा धनादेश घेऊन कुणाच्या घरी जावं लागू नये, यासाठीच तर आपण आहात.

लोकांना शिस्त नाही, ते कुठूनही रस्ता ओलांडतात, असं यावर सांगितलं जाईल. शिस्त हवीच. ‘जनआक्रोश’चे कार्यकर्ते, त्यांतले कितीतरी निवृत्त झालेले, हातात फलक घेऊन चौकांत उभे राहतात, त्यांच्याबद्दल मनात आदर आहे. पण पट्टे पुसलेले असतील आणि पलीकडे जायची पुढची जागा अर्धा किलोमीटर दूर असेल, तर माणूस जवळची वाटच धरणार. पादचारी पूल बांधू, असंही सांगितलं जाईल. चाळीस पायऱ्या चढून चाळीस उतरणं पोटुशी बाई, ओझं घेतलेला हमाल किंवा व्हीलचेअरवरचा तरुण यांना जमणार नाही. शहराच्या आत वाहनांनी थांबावं आणि माणसानं जमिनीवरूनच पलीकडे जावं. वेगाचाही विचार करा. कारच्या धडकेत पायी चालणाऱ्याचा जीव जाण्याचा धोका ताशी ५० किलोमीटरच्या तुलनेत ६५ ला साडेचार पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शाळा, बाजार आणि रुग्णालयांपाशी वेग ३० वर आणणारी रचना करा. नुसत्या पाटीनं तो उतरत नाही.

आणि हे नागपूरला जमणार नाही, असं कुणी म्हणू नये. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखो माणसं पायी येतात. त्या दिवसांत आजूबाजूचे रस्ते वाहनांना बंद होतात, पोलीस जागोजाग उभे असतात, पिण्याच्या पाण्याची सोय होते. मारबतीला इतवारी-महालातले रस्ते माणसांच्या हवाली होतात. रामनवमीच्या शोभायात्रेलाही तसंच. माणसांना वाट कशी द्यायची, हे आपल्या पोलिसांना आणि महापालिकेला उत्तम येतं. ते कसब रोजच्या दिवसासाठी वापरा, एवढंच मागणं आहे.

येत्या उन्हाळ्याच्या आत तीन गोष्टी करा. दुपारी सिग्नल बंद ठेवण्याचा प्रघात थांबवा आणि गर्दीच्या चौकांत चालण्याचा वेळ ठरवून द्या. महापालिकेच्या अर्थसंकल्पात फूटपाथ आणि क्रॉसिंगसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष ठेवा, तो पैसा दुसरीकडे वळवता येणार नाही असा ठराव करा. आणि प्रत्येक नगरसेवकानं क्षेत्रीय अधिकाऱ्याला सोबत घेऊन आपला प्रभाग एकदा पायी फिरावा. गाडी घरी ठेवावी, भर दुपारी निघावं आणि जिथं रस्ता ओलांडता आला नाही तिथली नोंद सभागृहात मांडावी.

आम्ही नागरिक सोबत यायला तयार आहोत. धोक्याच्या जागा दाखवू, झालेलं काम पाहू, चांगलं झालं तर जाहीरपणे सांगू. या पत्राचं उत्तर सभागृहातल्या ठरावाच्या रूपात मिळावं, अशी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
पायदळ चालणारा एक नागपूरकर