उल्का दिसली? मग वेळ सांगा!

मंडळी, आज थोडं भांडायचंय. आणि ते आपल्याच जमातीशी.

शनिवारी रात्री आसनगावहून डोळखांबकडे गाड्या सुटतात. अंधार हवा असतो, तारे हवे असतात. नशिबाने एखादा फायरबॉल, म्हणजे शुक्राहूनही तेजस्वी उल्का, आजोबा डोंगराच्या दिशेने सर्रकन जातो. मग काय? 'ए, विश माग!' 'डोंगरामागेच पडला रे, सकाळी शोधू!' ग्रुपवर 'कुणी बघितलं का??' आणि सगळे गुडुप.

अहो, डोंगरामागे कुठला! हात लांब करून मूठ धरा, ती आकाशात साधारण १० अंश व्यापते. क्षितिजापासून दोन मुठींवर दिसलेली उल्का ८० किमी उंचीवर जळत असेल, तर ती तुमच्यापासून २०० किमीहून जास्त दूर असते. म्हणजे डोळखांबहून पूर्वेला पार छत्रपती संभाजीनगरच्या पलीकडे!

कंपनीत कुणी 'काहीतरी बिघडलंय' एवढाच बग लिहिला, तर आपण त्याला सोलून काढतो. कधी? कुठे? किती वेळा? आकाशाच्या बाबतीत मात्र आपला रिपोर्ट एका शब्दाचा: 'ऑसम'.

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ आठवा. विदर्भापासून गुजरातपर्यंत लोकांनी जळत्या ठिणग्यांची रांग पाहिली. माझ्या फोनवर आलेल्या एकाही व्हिडिओसोबत वेळ नव्हती, दिशा नव्हती. कुणी उल्कावर्षाव म्हणालं, कुणी क्षेपणास्त्र. अभ्यासकांच्या मते तो फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी रॉकेटचा तिसरा टप्पा होता. उल्का सेकंदाला किमान ११ किमी वेगाने येते आणि बहुधा काही सेकंदांत संपते. रॉकेटचा तुकडा ८ किमीच्याही आत, तिरपा, रेंगाळत येतो. म्हणजे नुसते सेकंद मोजले असते तरी निम्मं कोडं तिथेच सुटलं असतं.

चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला त्याच रात्री सुमारे ३ मीटर व्यासाची धातूची रिंग पडली. मोकळ्या जागेत पडली म्हणून बरं. घरावर पडली असती तर? १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार भरपाई रॉकेट सोडणाऱ्या देशाने द्यायची. पण तुकडा कुणाचा हे आधी सिद्ध करायला नको का? तिथे आकाशातली वेळ आणि दिशा हा पुरावा असतो, 'ऑसम' नाही.

'शास्त्रज्ञ बघतील की!' बघतील, पण दुर्बीण आकाशाचा चिमूटभर तुकडा बघते, आणि सह्याद्रीच्या प्रत्येक खोऱ्यात कॅमेरा बसवलेला नाही. डोळखांबहून एकाने आणि पुण्याहून दुसऱ्याने नीट दिशा सांगितली, तर त्या दोन रेषांवरून उल्केची उंची काढता येते. शाळेतली त्रिकोणमिती आहे हो!

'पण तो क्षण जगू दे ना!' जगा की. पाच सेकंद तोंड उघडं ठेवून बघा. ती विझल्यावर घड्याळ बघा. कुठल्या डोंगरावर सुरू झाली, कुठल्या झाडामागे गेली, किती मुठी वर होती, किती सेकंद टिकली, एवढं लिहा. दोन-चार मिनिटं गप्प बसा, गडगडाट ऐकू आला तर तोही लिहा, कारण मग खाली दगड पडले असण्याची शक्यता वाढते. इंटरनॅशनल मिटिऑर ऑर्गनायझेशनचा फॉर्म फुकट आहे. तो भरा.

विश नंतर मागा. तिला डेडलाईन नसते.