बसायला स्टूल आणि जिनिव्हाचा थकलेला अहवाल

सप्टेंबर २०२१ मध्ये तमिळनाडूच्या विधानसभेने दुकाने व आस्थापना कायद्यात एक छोटं कलम घातलं. कायदा १९४७ चा, कलम २२-अ नवं. म्हणणं एवढंच, की प्रत्येक आस्थापनेत सगळ्या कामगारांसाठी बसायची योग्य सोय असावी, म्हणजे कामाच्या ओघात सवड मिळेल तेव्हा त्यांना बसता येईल, दिवसभर उभं राहावं लागणार नाही. बसायचं की नाही यासाठी कायदा लागतो हे वाचून कुणाला हसू येईल. ज्याने बारा तास काउंटरमागे काढलेत त्याला ते येणार नाही.

या कलमाचा अर्थ कळायला चेन्नईतल्या टी. नगरात यावं. मांबलम स्टेशनातून बाहेर पडलं की समोर रंगनाथन स्ट्रीट, पुढे उस्मान रोड. मजल्यावर मजले चढवलेली कापडाची आणि दागिन्यांची दुकानं. गिऱ्हाईक बसतं, साड्या उलगडून दाखवणारी मुलगी उभी असते. गिऱ्हाईक नसतं तेव्हाही ती उभीच असते, कारण बसलेली नोकर म्हणजे आळशी नोकर अशी मालकाची समजूत. पायाच्या शिरा फुगतात, कंबर जाते. लघवीला जायची सुट्टी मागावी लागते म्हणून मुली पाणीच कमी पितात. वसंतबालन यांच्या २०१० च्या ‘अंगाडी तेरु’ या तमिळ चित्रपटाने याच रस्त्यावरच्या दुकानातलं हे जग पडद्यावर आणलं. त्यानंतर कायदा यायला अकरा वर्षं गेली.

या भागाची नावं ऐकली तर आणखी गंमत वाटते. गंमत कसली, चीड येते. टी. नगर म्हणजे त्यागराय नगर. जस्टिस पार्टीचे पिट्टी त्यागराय चेट्टी यांच्या नावाचं. मधलं पनगल पार्क पनगलच्या राजांच्या नावाचं, ज्यांच्या सरकारने १९२१ मध्ये सरकारी नोकऱ्यांत जातवार वाटा देणारा आदेश काढला. आपल्याकडे शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०२ सालीच पन्नास टक्के जागा राखल्या होत्या, त्याच वाटेवरचं हे पाऊल. शेजारच्या पाँडी बाजाराला नाव आहे आत्मसन्मान चळवळीतले नेते सौंदरपांडियन यांचं. ब्राह्मणेतर चळवळीचा अख्खा इतिहास पाट्यांवर लिहिलेल्या या पेठेत माणसाला बसायची परवानगी नव्हती. कोण कुणासमोर बसू शकतो, खाटेवर, चावडीवर, खुर्चीवर, हा जातीचा सगळ्यात जुना नियम आहे. दुकानात त्याला ‘शिस्त’ म्हणतात, इतकंच.

आता प्रश्न येतो, की स्टुलाचा मानवी हक्कांशी संबंध काय? आहे, आणि लेखी आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९६४ चा, व्यापारी दुकानं आणि कार्यालयांतल्या आरोग्यविषयक सोयींचा १२० क्रमांकाचा करार आहे. त्याचं चौदावं कलम सांगतं, की कामगारांना पुरेशी व योग्य आसनं द्यावीत आणि ती वापरायची वाजवी संधीही द्यावी. दुसरा भाग महत्त्वाचा आहे. स्टूल कोपऱ्यात रचून ठेवणं म्हणजे सोय नव्हे, हे करार लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं. भारताने हा करार स्वीकारलेलाच नाही.

पण एक मोठा करार भारताने स्वीकारला आहे. आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार १९६६ मध्ये संमत झाला, १९७६ मध्ये अमलात आला, आणि भारत त्यात १० एप्रिल १९७९ रोजी सामील झाला. त्याच्या सातव्या कलमात न्याय्य वेतन, सुरक्षित व निरोगी कामाची जागा, विश्रांती आणि कामाच्या तासांना मर्यादा आहे. सामील होताना भारताने काही निवेदनं जोडली. त्यातलं एक आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ऐकलेलं नसतं. याच सातव्या कलमाचा ‘क’ भाग म्हणतो, की बढती फक्त ज्येष्ठता आणि पात्रता पाहून मिळावी. त्यावर भारत सरकारने लिहून दिलं, की हे कलम आम्ही राज्यघटनेच्या १६(४) शी सुसंगत राहूनच लागू करू. म्हणजे आरक्षण. ‘गुणवत्ता’ हा शब्द तोंडावर फेकणाऱ्यांना हा कागद दाखवावा.

मग या करारावर लक्ष कोण ठेवतं? जिनिव्हात १९८५ च्या ठरावाने नेमलेली अठरा तज्ज्ञांची समिती आहे. करारातल्या देशाने साधारण दर पाच वर्षांनी अहवाल द्यायचा. समिती प्रश्न काढते, सरकारचे प्रतिनिधी समोर बसून उत्तरं देतात, शेवटी समिती आपली निरीक्षणं प्रसिद्ध करते. पोलीस नाही, दंड नाही, जप्ती नाही. ‘मग उपयोग काय?’ हे मला नेहमी विचारलं जातं, आणि ते विचारणं रास्त आहे. उपयोग एवढाच, की सरकारला प्रश्नाचं उत्तर लेखी द्यावं लागतं आणि ते उत्तर सगळ्यांना वाचता येतं. शिवाय सरकारचा अहवाल एकटा जात नाही. कुठलीही संघटना आपला पर्यायी अहवाल पाठवू शकते, आणि सरकार जे झाकतं ते समितीला बरेचदा त्यातूनच कळतं.

भारताची वही मात्र वाईट आहे. दुसरा ते पाचवा असे चार अहवाल २००६ मध्ये एकाच गठ्ठ्यात दिले. मे २००८ मध्ये समितीने आढावा घेतला आणि बजावलं, की घटनेत हमी असूनही अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, शहरी गरीब, असंघटित कामगार यांच्याशी होणारा भेदभाव सर्रास चालू आहे. पुढचा अहवाल जून २०११ पर्यंत द्यायचा होता. २००८ नंतर भारत या समितीसमोर उत्तरं द्यायला उभा राहिलेला नाही. दरम्यान २००९ मध्ये समितीने आपल्या विसाव्या सर्वसाधारण टिप्पणीत स्पष्ट केलं, की जन्मावरून भेदभाव यात जात येते. वैयक्तिक तक्रार थेट समितीकडे नेता यावी यासाठीचा पूरक करार २०१३ पासून अमलात आहे. त्यात भारत नाही. वंशभेदविरोधी कराराच्या समितीपुढेही ‘जात म्हणजे वंश नव्हे’ हेच पालुपद. आरक्षणासाठी घटनेची ढाल जिनिव्हात नेणारं हेच राज्य, जातीचा जाब विचारला की तो घरचा मामला म्हणतं.

चळवळीतले काही मित्र म्हणतात, घटना आहे ना, परक्यांच्या दारी कशाला जायचं? घटनेच्या ४२ व्या कलमात कामाची न्याय्य व मानवी परिस्थिती आहे, हे खरं. पण ते मार्गदर्शक तत्त्वांत आहे, कोर्टात थेट मागता येत नाही. आणि परकं म्हणाल तर बाबासाहेबांनी १९४६ मध्येच डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. अस्पृश्यांनीही त्या वाटेने जावं का, याचा ते विचार करत होते. करार कोर्टात कामालाही येतो: १९९७ च्या विशाखा निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांविषयीच्या कराराचा आधार घेतला. आणि १९९३ च्या मानवाधिकार संरक्षण कायद्यातल्या ‘मानवी हक्क’ या व्याख्येत हा १९६६ चा करारही येतो.

तरीही प्रामाणिकपणे सांगायचं तर टी. नगरातलं स्टूल जिनिव्हाने आणलेलं नाही. ते केरळमधून आलं. कोळिक्कोडमध्ये पी. विजी आणि ‘पेणकूट्ट’ या संघटनेतल्या कामगार बायका आधी शौचालयासाठी आणि मग बसण्यासाठी वर्षानुवर्षं भांडल्या. २०१८ मध्ये केरळने कायदा बदलला, मग तमिळनाडूने. १९६४ पासून कागदावर असलेलं वाक्य त्या बायकांनी कदाचित वाचलंही नसेल. मला यातली उणीव दिसते ती त्यांची नाही. वाक्य वाचू शकणारे जिनिव्हाची तिकिटं काढत होते, आणि ज्यांना त्याची गरज होती त्यांच्या भाषेत ते कुणी नेलं नाही. हक्कांची ही अख्खी यंत्रणा इंग्रजी येणाऱ्या, बहुधा सवर्ण माणसांच्या हातात राहिली.

आणि मिळालेलं परत काढून घेतलं जातंय. करारानुसार हक्क टप्प्याटप्प्याने पुढे न्यायचे असतात. जाणूनबुजून मागे जायचं असेल तर सरकारला सबळ कारण द्यावं लागतं. एप्रिल २०२३ मध्ये तमिळनाडूने कारखान्यांत बारा तासांच्या कामाची वाट मोकळी करणारं विधेयक मंजूर केलं. कामगार संघटना उठल्या आणि मे दिनी मुख्यमंत्र्यांनी ते मागे घेतल्याचं जाहीर केलं. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने दुकानांतले दिवसाचे नऊ तास दहा करायला मान्यता दिली, वर दहाऐवजी वीस कामगारांची अट आणायचं ठरवलं. म्हणजे पंधरा कामगारांचं साडीचं दुकान कायद्याच्या मुख्य तरतुदींबाहेर. मजूरमंत्री असताना आठ तासांच्या दिवसासाठी झटलेल्या बाबासाहेबांच्या महाराष्ट्रात हे होतं, आणि आपण त्या बातमीचं स्टेटस ठेवून झोपतो.

मी इथे पीएच.डी. करते, आणि टी. नगरात गेले की स्टुलं मोजते. काही दुकानांत ती आहेत, एकात एक. काही ठिकाणी भिंतीला टेकवून, एकावर एक. तुम्ही घरातले पहिले पदवीधर असाल तर तुमची बहीण, मावशी, शेजारीण अशाच एखाद्या काउंटरमागे असण्याची शक्यता मोठी आहे, मग ते दादर असो, लक्ष्मी रोड असो की सीताबर्डी. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत अर्ज जातो: गेल्या वर्षी किती दुकानांची तपासणी झाली, कामाचे तास, विश्रांती आणि शौचालय यांबद्दल किती नोटिसा दिल्या. कामगार आयुक्तांच्या कार्यालयात द्या. उत्तर आलं तर जपून ठेवा. ‘माहिती उपलब्ध नाही’ असं आलं तर ते जास्तच जपून ठेवा. भारताचा अहवाल जेव्हा केव्हा जिनिव्हाला जाईल, तेव्हा त्यासोबतच्या पर्यायी अहवालात लावायला ते कागद लागतील. तो अहवाल या वेळी लिहायचा कुणी, हे आत्ताच ठरवायला हवं.